खिळ्यावरची टोपी

आमच्या घरामागच्या शेडमध्ये एक चार्जर होता. हिरव्या पत्र्याचा, वर उचलायला कडी, पुढे काचेआड एक काटा आणि खाली मंद-जलद असं एक बटण. हे सार्वजनिक बागेत मुकादम होते, तेव्हापासूनचा तो. गवत कापायच्या मशीनच्या, पाणी मारायच्या छोट्या गाडीच्या बॅटऱ्या त्याच्यावरच भरल्या जायच्या. पुढे बागेत आपले आपण बंद होणारे नवे चार्जर आले आणि हा भंगारात निघाला. हे निवृत्त झाले त्या दिवशी बाकीचे माळी म्हणाले, "मुकादम, ह्याला तुम्हीच घेऊन जा. नाहीतरी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही तो." ह्यांना ते खरंच वाटलं. बाळाला घेऊन यावं तसे त्याला घेऊन घरी आले.

त्या चार्जरला स्वतःची अक्कल नव्हती. बॅटरी भरली की काटा खाली यायचा, पण वीज काही थांबायची नाही. आपण उठून बंद केलं तर बंद. नाहीतर बॅटरीतलं पाणी उकळत राहायचं आणि शेवटी बॅटरी मरायची. ह्यांना नेमकं तेच आवडायचं. यंत्राने माणसाला विचारलं पाहिजे, असं म्हणायचे.

विसरू नये म्हणून ह्यांनी एक युक्ती काढली होती. चार्जर चालू केला की डोक्यावरची टोपी काढून त्याच्या वरच्या खिळ्याला अडकवायची. ह्यांचं टक्कल लवकर पडलं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटायची. उघड्या डोक्याने ते फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. त्यामुळे बाहेर जायचं झालं की टोपीसाठी शेडमध्ये जावंच लागायचं आणि टोपी काढताना चार्जर दिसायचाच. बागेत आणि घरात मिळून त्यांनी अशीच सगळी वर्षं काढली, एक बॅटरी वाया घालवली नाही.

घरी मात्र तो चार्जर एकाच कामाचा होता. अक्काच्या गाडीचा.

अक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. लहानपणी आलेल्या तापात तिचा एक पाय वाळला. लग्न झालं नाही, आमच्याबरोबरच राहायची. शिंप्यांच्या दुकानांतून शर्ट आणायचे, काज-बटण करून परत द्यायचे, हे तिचं काम. हात असा की काजाचे टाके छापल्यासारखे दिसायचे. पण शर्ट आणायला आणि पोचवायला कुणीतरी लागायचं. हे आपल्या सायकलवर तिला मागे बसवून न्यायचे. म्हातारपणीसुद्धा. ह्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण ती दर वेळी विचारायची, "तुला वेळ आहे का रे बंड्या?" आणि विचारताना मान खाली घालायची. मला ते बघवत नसे.

मग बागेतल्या एका फिटरने जुन्या सामानातून तिला तीन चाकांची गाडी जोडून दिली. एक छोटी बॅटरी, बसायला खुर्ची, पुढे शर्टांसाठी टोपली. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यापर्यंत एकटी गेली आणि एकटी परत आली. त्या दिवशी जेवताना तिने दोनदा भात घेतला.

ह्यांनी एकच अट घातली होती. पुलाच्या पलीकडे जायचं नाही. पुलाचा चढ मोठा, बॅटरी लहान, मध्येच थांबली तर कोण ढकलणार? अक्काने कबूल केलं होतं.

एकदा मी माझ्या बहिणीकडे गेले होते. त्यामुळे पुढचं मला ह्यांच्याकडून कळलं. दुपारी अक्का जरा उशिराच परतली. ह्यांनी बॅटरी काढून शेडमध्ये नेली. लाल चिमटा लावला, काळा लावला, मग बटण दाबलं, तर काटा पार वर गेला. आज एवढी रिकामी कशी, असं त्यांच्या मनात आलं. एरवी ते मंदवर ठेवायचे. पण संध्याकाळी बागेतल्या मित्रांकडे गप्पांना जायचं होतं, त्याआधी उरकावं म्हणून त्यांनी बटण जलदवर केलं. टोपी खिळ्याला अडकवली आणि घरात आले.

तर अक्का कागदी पुडकं हातात घेऊन बसलेली. आत नवी टोपी. करडी, पुढे छान झडप, आतून मऊ अस्तर. ती म्हणाली, "ती जुनी बघून मला वाटतं, तुझ्या डोक्यावर कोंबडी बसलीय."

ह्यांनी टोपी घातली. आरशात पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. अक्का म्हणाली, जा, दाखवून ये सगळ्यांना. आणि हे गेले. डोक्यावर टोपी होती, मग शेडमध्ये जायचं कारणच राहिलं नाही.

अक्का दमली होती, पुढच्या खोलीत गाढ झोपली. हे बागेत बसून सगळ्यांकडून टोपीची तारीफ ऐकत राहिले. मी घरी आले तेव्हा दिवे लागले होते. मागच्या दारातून नासक्या अंड्यांसारखा वास येत होता. शेडमध्ये गेले तर हे बॅटरीसमोर उकिडवे बसलेले. बॅटरीच्या बाजू पोट फुगावं तशा फुगल्या होत्या, झाकणांभोवती ओलं झालं होतं. वर खिळ्याला जुनी टोपी तशीच. नवी ह्यांच्या हातात, चुरगळलेली.

"अक्काला आत्ताच सांगा," मी म्हटलं.

"झोपलीय ती. सकाळी सांगतो."

सकाळी अक्का न्याहारीला बसली, तेव्हा हे म्हणाले, "अक्का, बॅटरी गेली." पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं, मी पाहिलं. पण त्याआधी अक्काचाच चेहरा उतरला. हातातला घास तिने ताटात ठेवला.

"माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. "मी पुलापलीकडे गेले होते. चांगली टोपी तिकडच्याच दुकानात मिळते. चढावर गाडी कण्हायला लागली होती रे, तरी मी रेटली. तुला शब्द दिला होता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "असू दे. जुनीच झाली होती ती."

तिथेच सगळं बिनसलं. खोटं एवढंसंच होतं, वर त्यात तिची समजूतही घातली होती. त्यामुळेच ते मागे घेणं जास्त कठीण झालं. मी स्वयंपाकघरात त्यांना गाठून विचारलं, तर म्हणाले, तिने मला टोपी आणली आणि मी त्या टोपीपायीच तिची गाडी मारली, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, ज्या तोंडाने खोटं सांगितलंत त्याच.

ह्यांनी नवी बॅटरी आणून गाडीत बसवली. अक्का गाडीजवळ गेली नाही. नको, मी पुन्हा तेच करीन, म्हणायची. मला मोह आवरत नाही, म्हणायची. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सवडीने दिवस काढले, ती स्वतःला मोहाचा दोष देत होती. शर्ट आणायला पुन्हा ह्यांची सायकल निघाली. पुन्हा तिची मान खाली. "तुला वेळ आहे का रे बंड्या?" हे ऐकलं की ह्यांच्या हातून काहीतरी पडायचं. रात्री ताटावर बसायचे आणि भाजी इकडची तिकडे करत उठायचे. नवी टोपी त्यांनी कपाटात कपड्यांखाली ढकलली होती. अक्काने विचारलं तर सांगायचे, सणावाराला घालीन.

एके दिवशी अक्काने परस्पर फिटरला निरोप पाठवला. गाडी घेऊन जा, कुणा गरजू माणसाला द्या. तो दुपारी हातगाडी घेऊन आला. आम्ही अंगणात होतो. अक्का खुर्चीत बसून शर्टाला बटणं लावत होती, मुद्दामच गाडीकडे न बघता. फिटरने गाडी उचलायला हात लावला आणि हे मध्ये येऊन उभे राहिले. उघड्या डोक्याने. बाहेरच्या माणसासमोर त्यांना तसं मी पहिल्यांदा पाहिलं.

"अक्का, तुझ्यामुळे नाही गेली बॅटरी."

"राहू दे रे. समजूत नको घालूस."

"चार्जर चालू ठेवून मी नवी टोपी घालून गेलो. जुनी तिथेच खिळ्यावर लटकत होती. पुलाचा काही संबंध नाही. मी चार्जर वेळेवर बंद केला असता तर बॅटरी छान चालली असती."

अक्काने सुई शर्टात टोचून ठेवली. फिटर एकदा तिच्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होता. बिचाऱ्याला गाडी सोडावी की धरावी कळेना.

"आणि इतके दिवस मी काय काय म्हणून घेतलं स्वतःला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ते ऐकत होतास तू."

"ऐकत होतो."

"तुझ्या सायकलवर मागे बसून मी त्या पुलाकडे बघायचे नाही. ठाऊक आहे?"

मग ती फिटरला म्हणाली, "भाऊ, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. चहा घेऊन जा. गाडी राहील." आणि मला म्हणाली, "अगं, ह्यालाही दे चहा. साखर घालू नकोस."

साखर मी घातली. ह्यांनी तो कप तसाच थंड होऊ दिला.

त्या दिवसापासून अक्काने चार्जर आपल्या ताब्यात घेतला. मला शिकव, म्हणाली, माझी गाडी मीच भरीन. ह्यांनी तिला सगळं शिकवलं. आधी लाल, मग काळा, बटण सगळ्यात शेवटी, आणि काढताना बटण सगळ्यात आधी. पाणी कुठवर हवं, काटा कुठे आला की उठायचं. तिच्या हाताला येईल असा एक खिळा खाली ठोकला. त्याला ती आपली कात्री अडकवायची, कारण कात्रीशिवाय तिचं पान हलत नसे. पण खरं सांगायचं तर चार्जर चालू असताना ती दाताने दोरा तोडायची. ह्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांची झोप उडाली. तेव्हापासून संध्याकाळी शेडच्या दारात येऊन उभे राहायचे, नाकाने हवा हुंगायचे. ती म्हणायची, "काही जळत नाहीये, जा." ते जायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचे.

नवी टोपीही तिने कपाटातून काढायला लावली. रोज घालायची, असा हुकूम सोडला. हे निमूटपणे घालायचे, फाटकापाशी वळून तिला दाखवायचे आणि जायचे. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

पुढे हे वारल्यावर त्यांचे कपडे आवरताना ती टोपी माझ्या हाती लागली. आतून पाहिलं. इतक्या दिवसांच्या वापरानंतरही अस्तर दुकानातून आणल्यासारखं, घामाचा एक डाग नाही. जुनी टोपी मात्र त्यांच्या रोजच्या पिशवीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली, अस्तर पार काळं पडलेलं. मी दोन्ही घेऊन अक्कासमोर ठेवल्या. म्हटलं, अक्का, तुम्हाला काही कळतंय का हे?

तिने जुनी उचलली, नवीला हात लावला नाही.

"कोपरा वळला की काढायचा तो नवी," ती म्हणाली. "पिशवीतली घालायचा. येताना पुन्हा बदलायचा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझी गाडी पुलावर चढली की तो कोपरा दिसतो."

मग बराच वेळ ती जुन्या टोपीच्या अस्तरावरून अंगठा फिरवत बसली. तिने ह्यांना कधी हटकलं नव्हतं. का नाही, हे मी विचारलं नाही. बाहेर गाडी उभी होती, पण त्या दिवशी ती शर्ट आणायला गेली नाही.