येलहंक्याचं दिव्यदर्शन

येलहंक्याच्या आमराईत दर रविवारी ज्योतानंद स्वामींचं तीर्थ मिळे आणि सोमवारी भक्तांना देव दिसे. रविवारी प्यायचं, सोमवारी पाहायचं. मधली रात्र देवाला प्रवासाला लागते, असं स्वामी सांगत आणि लोक माना डोलावत.

"स्वल्प धीर धरा. डोळ्यांपुढे पांढरा प्रकाश पसरेल. सूर्य नाही, दिवा नाही, नुसता प्रकाश. ज्याची जेवढी भक्ती, तेवढं तीर्थ. ज्याला जेवढं तीर्थ, तेवढा प्रकाश."

खरोखरच प्रकाश दिसत होता. शाळामास्तर, कारकून, पेन्शनर शपथेवर सांगत. काहींना तो दोन दिवसांनी सोडून जाई. काहींना सोडून जात नसे, पण ते पुन्हा आमराईत येत नसल्यामुळे त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नसे.

जयनगरच्या शेषगिरींच्या पत्नी कमलाबाई तिथे गेल्या त्या मुलासाठी. त्यांचा नरसिंह हेब्बाळच्या तळ्यात बुडाला, त्याला वर्ष होत आलं होतं.

"गेलेली माणसं प्रकाशातूनच येतात, अक्का," स्वामी म्हणाले आणि त्यांनी चमचा बाजूला ठेवून पेला भरला. कापूर, वेलची आणि तुळशीचा वास येणारं ते तीर्थ कमलाबाईंनी डोळे मिटून संपवलं. आणखी थोडं छोट्या गडूत मागून घेऊन नवऱ्यासाठी घरी आणलं. शेषगिरींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि विसरले.

सोमवारी दुपारी कमलाबाईंनी मुलीला हाक मारली.

"वसू, दिसतोय गं. सगळीकडे पांढरंशुभ्र आहे. आता तो येईल."

वसुमती एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिने आईच्या डोळ्यांपुढे विजेरी धरली. बाहुल्या रुंद होत्या आणि उजेडाने जराही आकसल्या नाहीत. आईला धाप लागली होती, पोटात कळा येत होत्या, आणि चेहऱ्यावर मात्र हसू होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांना संशय आला. "दारूच्या जातीचं विष वाटतं. नक्की कुठलं ते कळलं तर तिथे प्यायलेल्या बाकीच्यांनाही वाचवता येईल. साधी दारू असली तर मी उगाच शहरभर बोंब मारीन."

मंगळवारी सकाळी वसुमती गडू घेऊन प्रयोगशाळेत गेली. तिथे नुकताच गॅस क्रोमॅटोग्राफ आला होता. आधी असलं मिश्रण उकळून, गाळून वेगळं करण्यात दिवस जात, आणि दोन जातींचं स्पिरिट एकमेकांत मिसळलं असलं तर चांगले चांगले फसत. या यंत्रात थेंबभर द्रव सुईने सोडायचा. तापवलेल्या, वेटोळी घातलेल्या नळीतून वायू त्याची वाफ पुढे ढकलतो. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने चालतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडला की सरकत्या कागदावर लेखणी वर उडते आणि शिखर काढते.

लेखणी उडाली. पहिलंच शिखर उंच होतं. वसुमतीने शुद्ध मिथेनॉलचा थेंब सोडला. शिखर अगदी त्याच जागी आलं. मिथेनॉल म्हणजे लाकडाच्या पॉलिशमध्ये घालतात ते स्पिरिट. पोटात गेलं की शरीर त्याचं आणखी मोठं विष करतं, आणि ते आधी डोळ्यांच्या नसा जाळतं. त्या जळताना माणसाला सगळं पांढरं दिसतं.

संध्याकाळी ती, डॉक्टर आणि फौजदार आमराईत पोचले. आदल्या दिवशी ज्यांना दर्शन झालं ते आरतीला जमले होते. वसुमतीने कागद उलगडून सगळं समजावलं.

स्वामींनी कागद पाहिला आणि तो गर्दीला दाखवला. "बघा. इंग्रजी यंत्रानेसुद्धा देवळाची शिखरं काढली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग तुम्ही या तीर्थाचा एक पेला घ्या," वसुमती म्हणाली.

"मी रोजच घेतो, ताई."

"सरी, ठीक आहे. आज आमच्यासमोर घ्या."

पुढच्या रांगेतले मल्लाप्पा चाचपडत उठले. त्यांना रविवारी दोन पेले मिळाले होते. त्यांनी हात पुढे केला, तो खांबाला लागला.

"स्वामी, कुठं बसलात? पिऊन दाखवा, म्हणजे ही पोर गप्प होईल."

स्वामींनी पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. मागच्या खोलीत फौजदारांना स्पिरिटचे डबे सापडले. स्वामी पूर्वी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. त्याच्या शेजारी बसणारा कामगार स्पिरिट पिऊन आंधळा झाला, तेव्हा "उजेड, उजेड" म्हणत होता. त्यावरून याला देव सुचला.

डॉक्टरांनी उपचारासाठी सगळ्यांना मोटारीत बसायला सांगितलं. निम्मे बसले. मल्लाप्पा बसले नाहीत. "माझा प्रकाश काढून घेऊ नका," म्हणाले. गुरुवारी ते गेले.

कमलाबाई वाचल्या. डोळे वाचले नाहीत.

"नरसिंह का नाही आला गं?" त्यांनी विचारलं.

"त्या तीर्थात तो नव्हता, आई. पॉलिशचं स्पिरिट होतं."

"पण प्रकाश तर खरा होता."

"तो प्रकाश नव्हता. तुझे डोळे मरत होते."

शेषगिरी उठून बाहेर गेले. वसुमती बसून राहिली.

स्वामी तुरुंगात गेला. आमराईत आता दुसरा एक बसतो, तो विभूती देतो. ही गोष्ट वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: दुःख झालं तर रडा, माणसांपाशी जा. पण जे कोणी तोंडात घालायला देईल त्याला आधी विचारा, यात काय आहे? उत्तर द्यायच्या आधी त्याने देवाचं नाव घेतलं, तर पेला तिथेच ओतून टाका.