उरलेलं रक्त

"घनश्यामजी आहेत का? त्यांची तिसरी तपासणी राहिली आहे," दवाखान्यातून फोन करणाऱ्या मुलीनं विचारलं. ते नाहीत, मीच येते, एवढंच रुखमिणीनं सांगितलं. पुढचं फोनवर बोलणं तिला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती करडीहून भंडाऱ्याला निघाली.

तिचा नवरा घनश्याम गावातल्या धानाच्या गिरणीवर मशीन चालवायचा. गेल्या वर्षी त्याला हृदयाचा झटका आला, त्यातून तो वाचला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शुभांगी मॅडम अशा रुग्णांच्या रक्तावर संशोधन करत होत्या. दर चार महिन्यांनी नळीभर रक्त द्यायचं. तो दोनदा देऊन आला. तिसऱ्या खेपेआधीच, गिरणीच्या ओट्यावर बसल्या बसल्या गेला. त्याला आता दोन महिने झाले होते.

रुखमिणीनं हे सांगितलं, तेव्हा मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिला बसायला खुर्ची दिली. पण रुखमिणीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पेशी दुखावल्या की त्यांचे बारीक तुकडे सुटतात, रक्तातून फिरत राहतात आणि मॅडम ते मोजतात, असं घनश्यामनं तिला एकदा सांगितलं होतं.

"तुमी मोजून राहिल्या होत्या, मंग हे जानार हे तुमाले समजलं नाई का? आमाले सांगतलं काहून नाई?"

मॅडमनी समजावलं. तुकडे अजून मोजलेच नव्हते. सगळ्यांचं रक्त जमल्यावर एकदमच मोजायचे होते. शिवाय असे तुकडे धडधाकट माणसाच्या रक्तातही असतात. हृदयाच्या रुग्णात ते जास्त सापडतात, रक्ताची गाठ व्हायला हातभार लावतात. पण आकडा पाहून एखाद्या माणसाचं पुढे काय होणार, ते आज कुणीच सांगू शकत नाही.

"म्हंजे त्या तुकड्यायनं आजार होते, का आजारानं तुकडे होतेत?"

"दोन्ही होत असावं, मावशी. नक्की काय, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही."

रुखमिणीला राग येईना आणि समाधानही होईना. एवढी शिकलेली बाई कळलेलं नाही म्हणते, याचंच तिला नवल वाटलं.

मग मॅडमनी एक कागद पुढे केला. घनश्यामचं रक्त अजून फ्रीजरमध्ये होतं. त्यानं सही दिली होती, त्यामुळे ते वापरता येत होतं. पण घरच्यांची इच्छा नसेल तर ते नष्ट करता येईल.

ती गोंधळून गेली. राख वैनगंगेत सोडली होती, तेरवी झाली होती, कपडेही वाटून झाले होते. सगळं आटोपलं असं समजून ती बसली होती, आणि इथे त्याचं रक्त होतं. तेही नदीत सोडायला हवं का? कुणाला विचारावं? मुलाला, हेमराजला, फोन लावावा असं वाटलं, पण त्याला तरी काय कळणार.

"ठेवलं तं त्यायले काई तरास?" तिनं हळूच विचारलं.

"नाही, मावशी."

"मंग राहू द्या."

तिनं सावकाश सही केली आणि कागदाची एक प्रत घेतली. बरोबर केलं की चूक, हे तिला बाहेर पडल्यावरही उमगलं नाही.

परतीच्या एसटीत शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. रुखमिणीच्या हातातला दवाखान्याचा कागद पाहून तिनं विचारलं, कोणाले भेटाले गेली होती?

"आमच्या घरच्यायले," रुखमिणी बोलून गेली.

"कसे आहेत मंग?"

रुखमिणीनं कागदाची घडी करून तो पिशवीत ठेवला. खिडकीबाहेर धानाची रोवणी झालेल्या शेतांच्या बांध्या मागे जात होत्या. ती म्हणाली, "आहेत."