गाढव कोणाला म्हणालात?

आमच्या ह्यांनी मला गाडी शिकवली ती एका शब्दाच्या जोरावर. क्लच लवकर सोडला की ‘गाढव!’ आरशात बघायला विसरले की ‘गाढव!’ गिअर कुरकुरला की नुसता सुस्कारा, पण त्या सुस्काऱ्यातही तोच शब्द ऐकू यायचा. माझाही राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी तिथल्या तिथे गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायची आणि विचारायची, "गाढव कोणाला म्हणालात?" मग यथासांग भांडण, आणि ते मिटलं की पुढचा धडा.

शिकणं भागच होतं. आमची रोपांची नर्सरी. रोपं गाडीत घालून शेताशेतावर पोचवायची, हा आमचा धंदा. ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला साफ बंदी केली. मला लायसन्स मिळालं तर नर्सरी चालणार, नाहीतर फाटकाला कुलूप. आणि मी दोनदा नापास! पहिल्यांदा गाडी चढावर बंद पडली. दुसऱ्यांदा परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या ऑफिसपुढची कुंडी फुटली. ती कुंडी आमच्याच नर्सरीतली होती, असं मी त्यांना लगेच सांगितलं, पण त्याने काही फरक पडला नाही.

त्यात आमच्याकडची खरीखुरी गाढवं. वीटभट्ट्यांवर यंत्रं आली तेव्हा मालकांनी ती सोडून दिली आणि बघता बघता कळपच्या कळप झाले. तळ्याकाठच्या झाडांच्या साली त्यांनी सोलून खाल्ल्या, काठावरची लव्हाळी तुडवून चिखल केला, तिथे घरटी करणारे पक्षी दिसेनासे झाले. आमचे वाफे तर त्यांना हक्काचं जेवण. थंडीत डांबर ऊबदार लागतं म्हणून सकाळी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहतात. त्यांच्यापायी दुधाची गाडी चरात गेली, पोस्टमनचा खांदा निखळला. ‘मोकाट जनावरांपासून सावध’ असा फलक लावला, तर त्याला पाठी घासून घासून त्यांनी तोच आडवा केला.

तिसऱ्या परीक्षेला निघताना हे म्हणाले, "आज तोंड आवर. साहेब काय बोलतील ते मुकाट्याने ऐकून घे."

"आणि तुम्ही घरी बसा," मी म्हणाले. "सायकलला हात लावायचा नाही."

दोघांनीही मान डोलावली. दोघांनीही ऐकलं नाही.

सुरुवात मात्र झकास झाली. चढावर गाडी बंद पडली नाही, आरशात वेळच्या वेळी बघितलं. साहेब शेजारी बसून चक्क गुणगुणत होते. उतार संपून वळण घेतलं, आणि मी पुढच्या कौतुकाच्या तयारीत डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघतेय तोच ते किंचाळले, "गाढव!"

माझं डोकंच फिरलं. पाय ब्रेकवर गेला, गाडी जागच्या जागी थांबली. हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले, "गाढव कोणाला म्हणालात? साहेब असाल तुमच्या ऑफिसात. मला गाढव म्हणायचा मान फक्त माझ्या नवऱ्याचा आहे!"

साहेबांची बोबडी वळली होती. त्यांनी नुसतं बोट पुढे केलं. बॉनेटवर हनुवटी टेकून एक गाढव माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होतं. त्याच्या मागे अख्खा रस्ता भरून त्याचे नातेवाईक.

"अय्या," मी म्हणाले.

साहेबांना आधी उचकी लागली, मग हसू फुटलं. मीही सुटले. आम्ही दोघं डोळे पुसत होतो तेवढ्यात मी आरशात पाहिलं. उतार उतरून, वळण घेऊन एक सायकल सुसाट येत होती आणि सायकलवर आमचे हे. परीक्षा बघितल्याशिवाय राहवेना ना! काही गाढवं गाडीला वळसा घालून मागे गेली होती, आणि हे नाकासमोर थेट त्यांच्यावर येत होते. खिडकीतून डोकं काढून मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो! गाढव!"

करकचून दोन्ही ब्रेक लागले. सायकल घसरली, हे कसेबसे पाय टेकून उभे राहिले आणि गरजले, "गाढव कोणाला म्हणालीस?"

साहेब डॅशबोर्डवर डोकं ठेवून हसायला लागले. हे सायकल हातात धरून कळपापाशी आले, थबकले आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, केवढी माणसं जमलीत तुझी परीक्षा बघायला!" असं म्हणून त्यांनी हात जोडले. "नमस्कार, नमस्कार. जरा वाट द्या, मंडळी."

एक गाढव ओरडलं. तेव्हा कुठे ह्यांचे जोडलेले हात हळूच खाली आले.

साहेबांचं हसू थांबलं. माझंही. डोळे अधू झालेत हे मला ठाऊक होतं, पण इतके? इतक्या जवळून? मला रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा हसू आलं, कारण मंडळींनी खरोखरच वाट दिली होती.

सायकल आम्ही डिकीत कोंबली. हे मागच्या सीटवर गुपचूप बसले.

"पास," साहेब म्हणाले. "गाडीचा ब्रेक उत्तम लागतो. जिभेचा लागत नाही, पण तो परीक्षेत नाही."

मी गाडी सुरू केली. नेहमी माझ्या आधी रस्त्यावर नजर ठेवणारा माणूस मागे एक अक्षर बोलत नव्हता. ती शांतता मला सोसेना. समोर चिटपाखरू नव्हतं, तरी मी म्हणाले, "अहो, समोरून हत्ती येतोय."

हे सीटला टेकले. मग अगदी निवांत आवाजात म्हणाले, "मग घे गाडी बाजूला. त्याला आधी जाऊ दे."

मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, आणि मोकळ्या रस्त्यावरून हत्ती पुरता पुढे जाईपर्यंत आम्ही तिघंही थांबलो.