नानांचे नवे कान

घरात त्याला सगळे अपडेटराव म्हणत. हे नाव बायकोनं ठेवलेलं. लग्नाला महिना झाला नव्हता तोच त्यानं दाराची चांगली वाजणारी बेल काढून फोनला जोडायला घेतली, आणि पुढचे चार दिवस येणारा-जाणारा दारावर थापा मारत उभा राहिला. पाचव्या दिवशी बेल वाजली ती त्याच्या ऑफिसात, आणि दाराबाहेर सासरे ताटकळत होते. तेव्हापासून तो अपडेटराव. त्यालाही त्या नावाचं वाईट वाटत नसे.

विमा कंपनीच्या कार्यालयात तो कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा, पण त्याचा खरा जीव इंटरनेटवरच्या स्वतःच्या पानात. फोन, घड्याळ, झाडू मारणारं यंत्र, काहीही नवं आलं की हा ते वापरून बघायचा आणि रोखठोक लिहायचा. लेखाच्या शेवटी दोन रकाने ठरलेले: ‘काय मिळतं’ आणि ‘काय जातं’. कुठलंच यंत्र फुकटात सोय देत नाही, काहीतरी काढून घेतंच, हे त्याचं ठाम मत. आणि काय काढून घेतं ते आधी ओळखणारा माणूस म्हणजे आपण, हा अभिमान. ओळखीतली माणसं साधा मिक्सर घ्यायचा तरी त्याला विचारत.

स्वस्थ बसणं मात्र त्याच्या अंगात नव्हतं. जेवताना गुडघा हलायचा, बोलताना अंगठा फोनवर फिरायचा. एक काम हातात, दुसरं डोक्यात, आणि तिसऱ्याची चौकशी सुरू.

त्याचे वडील, नाना, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन गल्ल्या सोडून त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. कानात नऊ वर्षांपूर्वीचं श्रवणयंत्र. ते मधूनच अशी शिट्टी मारायचं की शेजारीही वळून बघत. घरात नानांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगितलं की नाना म्हणत, “अरे, ओरडतोस कशाला?”

अपडेटरावांनी तीन महिने अभ्यास केला. बाजारातली अकरा यंत्रं, त्यांचा तक्ता, वजन, बॅटरी, सगळं. मग एक जोडी पक्की झाली: माणसांचा आवाज नेमका उचलणारी, बाकीचा गोंगाट आपोआप दाबणारी, फोनवरून हवी तशी जुळवता येणारी. नानांनी कानाच्या दवाखान्यात जाऊन तपासणी तेवढी करून घेतली. पुढच्या भेटीच्या वेळी मात्र म्हणाले, “माझी तीन मशिनं अडलीत. तूच जाऊन ये. तुला त्यातलं कळतं.”

तो गेला, फॉर्म भरला, यंत्रं घेऊन आला.

पहिल्याच संध्याकाळी नवल झालं. सून स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटली, “नानांनी भाजी तिसऱ्यांदा घेतली, आता मला काय उरणार.” बाहेरून नाना म्हणाले, “अर्धी परत आणू का?” तिच्या हातातला डाव पडायचाच बाकी होता. मग नानांनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. गेली कित्येक वर्षं त्या दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘काय?’ आणि ‘अगं, मोठ्यानं’ एवढंच होतं. त्या दिवशी दोघं तासभर बोलली. नाना मधेच डोळे पुसत होते आणि मधेच एवढे हसत होते की चष्मा घसरत होता.

अपडेटरावांनी त्याच आठवड्यात लेख लिहिला. ‘काय जातं’ या रकान्यात तीनच गोष्टी होत्या: रोज चार्ज करावं लागतं, फोन जवळ लागतो, हरवलं तर भुर्दंड. कितीतरी लोकांनी वाचून कळवलं की आम्हीही आमच्या वडिलांना हेच घेतोय. तो खूश होता. जेवताना आपल्याच फोनवरून नानांच्या कानातला आवाज थोडा इकडे, थोडा तिकडे करत बसायचा.

“माझ्या कानात तुझी बोटं कशाला?” नाना एकदा म्हणाले.

“बारीकसं जुळवतोय, नाना.”

“आत्ता ठीक होतं.”

“आता आणखी ठीक होईल.”

दोनेक आठवड्यांनी नाना जेवताना म्हणाले, “मशिनं हल्ली गप्प झालीत रे.”

“चांगलंच आहे की,” तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला. “गोंगाट कमी करतं ते. त्यासाठीच तर घेतलं.”

नाना ताट उचलून उठले.

त्यानंतर चार दिवसांनी पडदे शिवणाऱ्या बाई दुकानात आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. जाड कापडावर दिवसभर मशीन चालवणाऱ्या, नानांशिवाय दुसऱ्या कुणाला आपल्या मशीनला हात लावू न देणाऱ्या. अपडेटराव त्या वेळी दुकानातच होता, नानांसाठी चार्जर बसवायला आलेला. बाईंच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या जेमतेम खाली, पट्टी होती.

“नाना, परवा तुम्ही नीट करून दिलंत ना मशीन? काल सुई मोडली. तुकडा उडून इथे लागला.” त्यांनी गालाकडे बोट नेलं. “मी भांडायला नाही आले. पण तुमच्या हातून असं कधी झालं नाही, म्हणून काळजी वाटली.”

नाना उठले. नवी यंत्रं कानातून काढून टेबलावर ठेवली, खणातलं जुनं शिट्टीवालं काढून घातलं, बाईंनी सोबत आणलेल्या मशीनची मोटर सुरू केली आणि मान तिरकी करून उभे राहिले. पाच-सात सेकंदच. मग मोटर बंद केली.

“सुई खालच्या दोरा पकडणाऱ्या हुकाला घासतेय,” ते म्हणाले. “दर फेऱ्याला एकदा, टिक. एवढी मोठ्यानं वाजतेय आणि परवा मला ऐकू आली नाही.”

त्यांनी बाईंना दुसरं मशीन वापरायला दिलं, दोनदा माफी मागितली आणि त्या गेल्यावर दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं.

आठवडाभर दुकान बंद. नाना घरात कानात काहीच न घालता बसायचे. जुनं घातलं तर बहिणीचा फोन बंद, नवं घातलं तर हात बंद. काही विचारलं तर हातानं ‘राहू दे’ अशी खूण. सून ताट वाढून समोर ठेवायची आणि नवऱ्याकडे बघायची. ते बघणं त्याला शब्दांपेक्षा जास्त लागायचं.

अपडेटरावांच्या डोक्यात भुंगा शिरला. तो ऑफिसात चुका करू लागला. नानांच्या यंत्राची दीडशे पानी माहितीपुस्तिका त्यानं सगळी वाचून काढली, परदेशातल्या लोकांना प्रश्न पाठवले. उत्तर एका ओळीचं होतं: हे यंत्र सतत चालणाऱ्या घरघरीला गोंगाट समजतं, आणि अचानक येणाऱ्या टोकदार आवाजालाही गोंगाटच समजतं. म्हणजे मोटरची घरघर गेली आणि तिच्यातली टिकटिकही गेली. माणसांचं बोलणं स्वच्छ करता करता यंत्रानं नानांची विद्याच पुसून टाकली होती. आणि हे पुस्तिकेत, बाराव्या पानावर, सरळ लिहिलेलं होतं. यंत्र घेतानाही त्यानं ते वाचलेलं होतं. त्याच्या तक्त्यात तो गुण म्हणून नोंदलेला होता.

रविवारी तो नानांसमोर बसला आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘दवाखान्यात जाऊ. या वेळी दोघं.’

नानांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “जाऊ. पण मशीन बरोबर घ्यायचं.”

“कुठलं?” त्यानं हाताच्या खुणेनं विचारलं.

“पडदेवाल्या बाईंचं. मी अजून दुरुस्त केलेलं नाही. टिक आहे तशीच ठेवलीय.”

म्हणून सोमवारी सकाळी अपडेटराव सामानाच्या ढकलगाडीवर ते मशीन लादून निघाला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला ‘बंद आहे’ची पाटी. जिन्यावरून ते पंधरा किलोचं धूड छातीशी धरून नेताना त्याचा श्वास फुलला, आणि मागून नाना सांगत होते, “सांभाळ, चाकाला धक्का लावू नकोस.”

कान तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. नानांनी आधी नवी यंत्रं कानात घातली. मग बाईंनी फाईल उघडून फॉर्म काढला. “त्यांचा बराचसा वेळ कुठे जातो, असं मी विचारलं होतं. चार चौकोन आहेत. घर, कार्यालय, रस्ता-बाजार, यंत्रांजवळ. फक्त ‘घर’ला खूण आहे.”

नानांनी हात पुढे केला. फॉर्म नाकाजवळ नेऊन वाचला. वरून खालपर्यंत, सावकाश.

“व्यवसाय: निवृत्त,” ते मोठ्यानं म्हणाले. मग मुलाकडे वळले. “मी कधी निवृत्त झालो रे?”

अपडेटराव फॉर्मवरच्या आपल्याच अक्षराकडे बघत राहिला. दुकान म्हणजे नानांचा विरंगुळा, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही शब्दांत सांगितलं नव्हतं. फॉर्म भरताना हातच तसा गेला होता. त्याचा गुडघा खुर्चीखाली हलत होता. त्यानं तो हातानं दाबून धरला.

“बदला ते,” नाना बाईंना म्हणाले. “आणि मशीन लावायला कुठे भोक आहे?”

बाईंनी टेबल रिकामं केलं, प्लग दाखवला. नानांनी मोटर सुरू केली. बाहेर थांबलेले दोन पेशंट दारातून डोकावले. बाई कॉम्प्युटरवर एकेक गोष्ट बंद करत गेल्या आणि नाना मान हलवत गेले. नाही. नाही. थोडी घरघर आली. अजून नाही. मग बाईंनी शेवटचं काहीतरी दाबलं आणि नानांनी हात वर केला.

“आली.”

एवढंच म्हणाले. पण मशीनच्या अंगावर तळवा टेकवून ते कितीतरी वेळ ऐकत राहिले.

“ही वेगळी जुळवणी करून देते,” बाई म्हणाल्या. “कानामागचं बटण दाबलं की ‘मशीन’, परत दाबलं की ‘बोलणं’. पण आधीच सांगते, दोन्ही एकदम मिळणार नाही. ‘मशीन’वर असताना गर्दीतलं बोलणं कळणार नाही. ‘बोलणं’वर असताना टिक ऐकू येणार नाही.”

अपडेटराव पुढे सरकला. “फोनला जागा कळते ना? दुकानात शिरले की आपोआप ‘मशीन’, बाहेर पडले की आपोआप...”

“नको,” नाना म्हणाले. “बटण मी दाबीन.”

“विसरलात तर?”

“तर विसरलो. दुकानातही माणसं येतात. कुणाचं ऐकायचं आणि कशाचं, ते मी ठरवीन.” मग बाईंकडे वळून, “आणि याच्या फोनमधून माझे कान काढून टाका. दुरून कुणी पिळलेले मला चालत नाहीत.”

बाईंना हसू आवरेना. अपडेटरावांनी स्वतःच फोन काढला आणि त्यांच्या देखत ते ॲप पुसून टाकलं. अंगठा क्षणभर अडखळला, हे त्याचं त्यालाच कळलं.

नानांनी तिथेच दोन स्क्रू सैल करून हुक जागेवर आणला. टिक गेली. मग ते धूड परत छातीशी धरून खाली आणणं आलंच.

परतीची वाट मोठ्या रस्त्यावरून होती. दुपारची गर्दी, बसगाड्या, हॉर्न. तो ढकलगाडी ढकलत होता आणि नाना शेजारून चालत होते. चौकाच्या थोडं अलीकडे त्याला राहवलं नाही. तो बोलू लागला, समोर बघतच.

“नाना, माझं चुकलं. लोकांना शहाणपण शिकवतो आणि तुम्हाला एक प्रश्न विचारला नाही. त्या बाईंचा डोळा जाता जाता वाचला. आणि तुमचं काम मी... मला वाटलं, तुम्ही वेळ घालवता तिथे. असं वाटायला नको होतं मला.”

एवढं लांब आणि एवढं सरळ तो वडिलांशी आजवर बोलला नव्हता. त्यानं मान वळवून बघितलं.

नाना शेजारून गेलेल्या बसकडे बघत होते, मान तिरकी करून.

“हिचं मागचं बेअरिंग गेलंय,” ते म्हणाले. “आणि हा बाबा अजून चालवतोय.”

म्हणजे ‘मशीन’वरच होते का? की ऐकून न ऐकल्यासारखं केलं? अपडेटरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. कालपर्यंत फोन बघून कळलं असतं. आता तिथे काही नव्हतं. विचारावं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं असतं.

सिग्नल सुटला. नानांनी ढकलगाडीच्या दांडीला एका बाजूनं हात लावला आणि म्हणाले, “चल. पडदेवाल्या बाई वाट बघत असतील. त्यांना सांगायचंय, आज शिवायला बसा म्हणून.”

दोघं रस्ता ओलांडू लागले. तो मधून मधून नानांच्या कानामागच्या त्या इवल्याशा बटणाकडे बघत होता, आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं.