मर्लचे तेवीस गुण

"वारा कुठून आहे, विचारतायत," मर्ल म्हणाला.

आम्ही दोघं बारा हजार फुटांवर एका कातळामागे पोटावर पडलो होतो. झाडं खाली कुठेतरी संपली होती. वर होतं ते गुडघ्याएवढं विलोचं झुडूप, घसाऱ्याचे दगड आणि थंडी. ऊन अजून समोरच्या कड्यापलीकडे अडकलेलं. मर्लच्या छातीवरच्या खिशातलं सॅटेलाइटचं यंत्र उजाडल्यापासून तिसऱ्यांदा वाजलं होतं.

"कळव, वरून खाली आहे. पहाटे रोज तसाच असतो, ऊन आलं की उलटतो. चाळीस सीझन काढलेल्या माणसाला हे माहीत नाही?"

"त्यांना माहीत आहे, नेडा. मला माहीत आहे का, ते बघतायत."

आणि रस्ते सपाट करायचं ग्रेडर यंत्र चालवून चालवून फावड्यासारखा झालेला अंगठा त्या चिमुकल्या बटणांवर ठेवून त्याने एकेक अक्षर दाबायला घेतलं. 'अरे, समोर बघ!' असं मी ओरडणार होते, कारण तेवढ्यात विलोतून हरणाच्या दोन माद्या निघून गेल्या. पण मर्ल पत्र लिहीत होता.

पत्र पोचायचं होतं चाळीस मैल खाली, मर्लच्या बापाच्या, होबर्ट टॅगर्टच्या खिडकीत. म्हातारा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. बारा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हा डावी बाजू गेली, जीभ राहिली. गावात म्हणतात, देवाने उलट केलं असतं तर बरं. मर्लची बहीण जोलीन सहा दिवसांची रजा काढून आयडाहोहून आली होती. बाप बोलायचा, ती टाइप करायची.

मी मोजत होते. गावातल्या सामानाच्या दुकानात काउंटरवर तीस वर्षं उभी आहे, मोजायची सवय लागते. खिळे, कुंपणाच्या तारा, जनावरांचं मीठ, आणि शिकारीचे परवानेही आमच्याकडेच. म्हणून कोणाकडे किती गुण साठलेत हे मला त्यांच्या बायकांआधी कळतं.

गुणांचं असं आहे. उंचावरचा सप्टेंबरचा सीझन, हरणाच्या शिंगांवर अजून मखमलीसारखी लव असतानाचा, नऊ दिवसांचा. परवाने मूठभर, मागणारे हजार. सोडतीत नाव आलं नाही की एक गुण मिळतो, पुढच्या वर्षी तेवढे वर सरकता. पण फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: 'शिकार नको, नुसता गुण द्या.' ज्याला यंदा जमणार नाही त्याच्यासाठी. मर्लला तेवीस वर्षं जमलं नाही.

पहिल्या गुणाच्या वर्षी त्याच्या आईचं पोटाचं दुखणं निघालं. चौथ्या वर्षी ती गेली. पाचव्या वर्षी बाबांना एकटं वाटत होतं. नवव्या वर्षी मर्लला दुसऱ्या राज्यातल्या खाणीवर बरी नोकरी लागत होती. बाबा म्हणाले, जा की, मी कुठे अडवलंय, आणि जेवले नाहीत. बाराव्या वर्षी झटका. पुढचे सगळे गुण मग एकाच कारणाचे. दर एप्रिलला तो टोपी काढून काउंटरपाशी यायचा.

"नेहमीचंच, नेडा. नुसता गुण."

"अरे, किती साठवशील? वर गेल्यावर सेंट पीटरला दाखवणार आहेस?"

"पुढच्या वर्षी बघू."

यंदाच्या एप्रिलात मी नुसत्या गुणाचा आकडा न टाकता खऱ्या सीझनचा आकडा टाकला. कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवून म्हटलं, बघून घे. तो म्हणाला, तू टाकलायस ना, मग ठीक. जूनमध्ये परवाना आला. तेवीस गुणांपुढे कोण टिकणार?

मर्ल तो कागद घेऊन दुकानात आला, तेव्हा चेहरा असा की जणू पोलिसांचं समन्स आलंय.

"काहीतरी चुकलंय."

"बोट घसरलं असेल माझं," मी म्हटलं.

"परत करता येतो ना? गुण परत मिळतात ना?"

येतो. ठरावीक तारखेच्या आत केला तर सगळे गुण परत. मी तोंड वाकडं करून तारीख सांगितली. खोटं बोलायची हिंमत तेवढीच होती. तो घरी बाबांना सांगायला गेला आणि तिथे म्हाताऱ्याने माझं काम केलं.

"परतच कर," होबर्ट म्हणाला. मी भाजीचं पातेलं पोचवायला गेले होते, माझ्यासमोरच म्हणाला. "तुला नाही जमायचं ते. तिथे डोकं लागतं. तेवीस गुण वाया जातील."

पण परत करायची तारीख आली आणि गेली, आणि तो दुकानात फिरकला नाही.

मग म्हाताऱ्याने डाव बदलला. जायचंच तर माझ्या खोऱ्यात जा, माझ्या खिंडीत बस, माझी बंदूक ने. भिंतीवर त्याने मारलेल्या नरांची अकरा डोकी टांगलेली आहेत. घड्याळाच्या वरची जागा रिकामी. "ती मी ठेवलीय," तो म्हणाला. "माझं खोरं, माझी बंदूक. बारावं तिथे लागेल. खाली नाव घालायला पितळी पट्टी आणून ठेव." कोणाचं नाव, हे विचारायची गरज नव्हती.

खेचरं माझी. सोबत मी निघाले ती खेचरांसाठी, असं गावाला सांगितलं.

शनिवार, रविवार, सोमवार. होबर्टची खिंड, होबर्टचा कातळ. 'दहाच्या आत हलू नकोस.' 'खोकू नकोस.' 'नेडाला सांग, बेकन तळू नको, वास जातो.' बेकनच्या वासापेक्षा त्या यंत्राच्या आवाजाने जास्त हरणं पळाली असतील. ते बंद कर म्हटलं तर मर्ल म्हणायचा, "बाबांना काही झालं तर?" तीन दिवसांत एक्केचाळीस संदेश. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उत्तरं. नर दिसले दोन, दोन्ही लांब, दोन्हींची पाठ आमच्याकडे. गुरुवारी सकाळी जोलीन परत निघणार होती, म्हणजे बुधवारी आम्हाला उतरायलाच हवं. नऊ दिवसांच्या सीझनमधले मर्लच्या वाट्याचे साडेचार.

मंगळवारी पहाटे कॉफीचा मग हातात धरून तो बराच वेळ खिंडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पलीकडे जाऊ या."

"पलीकडे काय आहे?"

"माहीत नाही. बाबा कधी गेले नाहीत."

धारेवरून पलीकडे उतरायला दीड तास लागला. माझे गुडघे बोलू लागले. खाली एक छोटं खोरं होतं, वाटीच्या तळाएवढं. मध्ये निळं तळं आणि कड्याच्या सावलीत जुन्या बर्फाचा एक पट्टा. यंत्र वाजलं.

'खिंडीत पोचलास का?'

मर्लने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा उचलला. सत्तावन्न वर्षांतलं पहिलं खोटं टाइप करायला त्याला चार मिनिटं लागली. 'हो. खिंडीत आहे.'

नर त्या बर्फाच्या पट्ट्याशेजारी बसलेला होता. आधी मला दगडच वाटला. मग दगडाने कान हलवला. मोठे, माझ्या खेचरांसारखे कान. आणि कानांच्या बाहेर, वर, दोन्हीकडे, मखमल पांघरलेली शिंगं, इतकी की मी दुर्बीण खाली घेऊन डोळे पुसले. लव असली की शिंगं जाड दिसतात, सप्टेंबरात नवखे तिथेच फसतात. मी मनातल्या मनात पाव वजा केला. तरीही उरलं ते फार होतं.

"मर्ल."

"पाहिलं."

अंतर अडीचशे यार्ड. बसलेल्यावर गोळी घालायची नाही म्हणाला, नीट लागत नाही. उठेपर्यंत थांबायचं. आम्ही तीन तास थांबलो. दगड बरगड्यांत रुतत होते. पाय बधिर झाले. ऊन आलं, वारा उलटला आणि आमच्या तोंडावर येऊ लागला. चांगलं झालं. पश्चिमेला ढग जमू लागले. ते चांगलं नव्हतं. दोन वेळा यंत्र थरथरलं. मर्लने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ती चूक नव्हती ना?" तो बंदुकीवरून नजर न काढता कुजबुजला. "एप्रिलातली."

"नव्हती."

"हं."

"रागावलास?"

"आता बोलू नकोस. उठतोय."

नर आधी मागचे पाय ताठ करून उठला, गाईसारखा. अंग ताणलं. आडवा उभा राहून तळ्याकडे बघत राहिला. मर्लने श्वास अर्धा सोडला. एकच गोळी. आवाज कड्यांमध्ये फिरून परत येईपर्यंत नर खाली होता.

जवळ गेल्यावर मर्ल गुडघ्यांवर बसला आणि टोपी काढली. काउंटरवर काढतो तशी नाही. मी माझ्या कामाला लागले, म्हणजे मोजायला. टोकं डावीकडे पाच, उजवीकडे सहा. रुंदी माझ्या हाताने चार विती आणि वर दोन बोटं. होबर्टच्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा साडेतीन विती भरतो, तेही पाहुण्याने मोजताना म्हातारा श्वास रोखून बसतो म्हणून. मी फोन काढला.

"नको," मर्ल म्हणाला.

"अरे एक फोटो!"

"नको म्हणतो ना."

यंत्र वाजलं. 'आवाज नाही काही नाही. झोपलास का? काही दिसलं का?'

मर्लने रक्ताचे हात गवताला पुसले आणि लिहायला बसला. या वेळी फार वेळ लागला नाही. मी खांद्यावरून वाचलं. 'मिळालं. दुटोक्या.'

दुटोक्या म्हणजे दीड वर्षांचं पोर, शिंगाला दोन काटे. तो मिळायला एकही गुण लागत नाही. खालच्या शेतांत मोटारीसमोर येतात.

"हे काय लिहिलंस?"

"लिहिलं."

मिनिटभर काही नाही. मग जोलीनचा संदेश आला: 'बाबा इतके हसले की ठसका लागला. तेवीस गुणांचा दुटोक्या, असं सगळ्यांना फोन करून सांगायला लावतायत. आज जेवण पूर्ण जेवले.'

"जेवले म्हणे," मर्ल म्हणाला, आणि सुरी काढली.

गारा यायच्या आत मांस सोडवायचं होतं. कायदा मांसाचा कडक आहे. एक मांडीही वर टाकून येता येत नाही. नर असल्याची खूण मांसाला राहू द्यायची, परवान्याचा तुकडा बांधायचा, झालं. शिंगं आणलीच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही, कारण ती कोणी टाकून येईल हे कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. मर्लने डोकं दोन्ही हातांनी उचललं, कड्याच्या पोटात एक कोनाडा होता तिथे ठेवलं आणि शेजारी बसला. मी धारेखाली बांधलेली दोन खेचरं आणली, बोजे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. तेवढा वेळ त्याला दिला.

"साळिंदरं खातील," मी म्हटलं. "दोन हिवाळ्यांत संपेल."

"खाऊ देत."

"मर्ल, हे घरी नेलंस ना, तर म्हाताऱ्याचं तोंड कायमचं बंद होईल."

"नाही होणार, नेडा. घड्याळाच्या वर लागेल." त्याने उठून गुडघे झटकले. "आणि मी रोज त्याच्याखाली बसेन."

पहिली गार माझ्या टोपीवर वाजली. आम्ही उतरायला लागलो. धारेवर त्याने एकदा मागे पाहिलं, तेही मी पाहिलं नाही असं मी दाखवलं.

गावात आता हे चालू आहे. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर, ग्रेडरच्या शेडमध्ये. "काय मर्ल, दुटोक्या बरा आहे ना?" "मर्ल, आमच्या मागच्या अंगणात एक आलाय, तीस गुण दे आणि घेऊन जा." तो हसतो आणि टोपी सारखी करतो. माझ्यासारख्या बाईला, जिच्या पोटात दुकानातली कोणतीही गोष्ट चार तास राहत नाही, हे काय जड जातंय ते मलाच माहीत. चार विती आणि दोन बोटं. जिभेच्या टोकावर येतं, आणि मी कोणालातरी खिळे मोजून देते.

गुरुवारी दुपारी जोलीनची मोटार गेल्यावर मी तिकडे डोकावले. मर्लने मांसाचे काप पिठात घोळवून तळले होते, बटाटे, वर दाट पांढरा रस्सा. म्हातारा खुर्चीत, गळ्याशी रुमाल.

"ये नेडा, बस!" होबर्ट ओरडला. "तेवीस वर्षांचं जेवण आहे हे! एकेका घासाला दोन-दोन गुण! अरे मर्ल, तू दुर्बीण उलटी धरली होतीस का?"

"असेल, बाबा."

"माझ्या खिंडीत बसून दुटोक्या! त्या खिंडीला लाज वाटली असेल."

मर्लने एक तुकडा काट्याला लावून त्याच्या तोंडाजवळ नेला. म्हातारा हसत हसतच चावू लागला. चावला. पुन्हा चावला. त्याची एकच बाजू चालते, त्यामुळे वेळ लागतो, पण हा वेळ वेगळा होता. हळूहळू हसणं थांबलं. चाळीस सीझन त्याने हेच खाल्लं होतं. डोळे मर्लवर गेले आणि तिथेच राहिले.

"चिवट आहे," होबर्ट म्हणाला.

"हो का?"

"दुटोक्या लोण्यासारखा असतो."

मी माझ्या ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिले. भिंतीवरून अकरा डोकी आमच्याकडे बघत होती.

"केवढा होता रे?" म्हाताऱ्याने विचारलं. आवाज इतका खाली आला होता की क्षणभर मला दुसरंच कोणी बोललंसं वाटलं.

"सांगितलं ना, बाबा," मर्ल म्हणाला. "दुटोक्या होता."

होबर्टने घास गिळला. बराच वेळ तो खिडकीबाहेर, डोंगराच्या बाजूला बघत होता. मग चांगल्या हाताने रुमाल चाचपला आणि तोंड पुन्हा उघडलं.

"बारीक काप," तो म्हणाला.

मर्लने ताट आपल्याकडे ओढलं, खुर्ची थोडी पुढे घेतली, आणि घाई न करता, आडवे-उभे, मांसाचे आणखी छोटे तुकडे करायला लागला.