नको तितकी स्वच्छ गाडी

दोन खोल्यांच्या भाड्यात झोपायच्या चार खोल्या मिळताहेत म्हटल्यावर व्हर्ना प्रुइटने ओळखलं, की कुठेतरी पाणी मुरतंय. अमेरिकेतल्या ईरी शहरात अठ्ठावीस वर्षं तिने भाडेकरू सोडून गेलेली घरं साफ केली होती. मालक काय काय झाकतात ते तिला पाठ होतं. कित्येकदा झाकायला तिचाच हात लागला होता.

पण नाक मुरडायची सोय नव्हती. मुलगी शेरिल व्यसन सोडवायच्या केंद्रात होती आणि तिची चार पोरं व्हर्नाच्या एका खोलीत दाटीवाटीने झोपत होती. सोमवारी काउंटीच्या बालकल्याण खात्याची बाई बजावून गेली होती, की शुक्रवारपर्यंत मुलींची खोली वेगळी, मुलांची वेगळी आणि प्रत्येकाला आपला पलंग हवा. नाहीतर दोघं एका परक्या घरी जातील, दोघं दुसऱ्या. धाकटा मायलो चार वर्षांचा. थोरल्या जोलीनची बाही मुठीत धरल्याशिवाय तो झोपत नसे. आज बुधवार उजाडला होता.

"जपून या," जिन्याच्या तोंडाशी म्हातारा लिओ ग्रोमॅकी म्हणाला. तो खाली राहायचा, वरचे दोन मजले भाड्याने द्यायचे होते. "बुटांना बर्फ आणलाय तुम्ही."

"बर्फ सगळं गाव आणतंय, मिस्टर ग्रोमॅकी. व्हॅनिलाची मेणबत्ती लावलीत का?"

"बरा वास यावा म्हणून."

"म्हणजे आधीचा बरा नव्हता?"

"बाई, घर भाड्याने हवंय की चोर पकडायचाय?"

व्हर्ना हसली, पण तिचं नाक कामाला लागलंच होतं. तिने सगळे नळ एकदम सोडले आणि पाण्याचा जोर पाहिला. विजेच्या बटणांच्या मागे ढेकूण लपतात, म्हणून खिशातल्या पेचकसाने दोन पट्ट्या उघडून पाहिल्या. खिडक्या उघडल्या, मिटल्या. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही की तिचा संशय उलट वाढायचा.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत तिने विजेरी काढली आणि छताला आडवी धरली. समोरून सगळं पांढरंशुभ्र. आडव्या उजेडात मात्र खिडकीवरच्या कोपऱ्यात परातीएवढा भाग निराळाच चकाकत होता. डाग दाबायचा जाड रंग. असा रंग तिने आयुष्यात डबेच्या डबे फासला होता.

"छत नुकतंच रंगवलंत?"

"सगळंच रंगवलंय," ग्रोमॅकी म्हणाला. फार चटकन म्हणाला. शेजारच्या खोलीचं छत तर चहाच्या रंगाचं झालं होतं.

व्हर्नाने विजेरी खिशात टाकली. आत्ता भांडलं तर घर जाईल, आणि नाही भांडलं तर उद्या पोरांच्या पलंगावर पाणी गळेल. "मला पसंत आहे," ती म्हणाली.

तो तिला गाडीपर्यंत पोचवायला निघाला. पायात सपाता, रस्त्यावर घोटाभर बर्फ. एवढा सभ्यपणा कुणी फुकट करत नाही. जुने मालक असेच. अर्ज बघतात, पगाराच्या चिठ्ठ्या बघतात, पण निकाल लावतात तो गाडीत डोकावून. जो गाडी जशी ठेवतो तो घर तसंच ठेवणार. व्हर्नाने हे मालकांच्याच तोंडून ऐकलं होतं, म्हणून काल संध्याकाळी तिने गाडी घासूनपुसून लख्ख केली होती. वेफर्सचे तुकडे, रंगाचे खडू, एकेकटे मोजे, सगळं बाहेर. मायलोची गाडीत बसायची खुर्ची सरबताने चिकट झाली होती. ती काढून थेट बहिणीच्या, डोरीनच्या न्हाणीत टाकली होती.

ग्रोमॅकीने काचेला नाक लावलं. मग वाकून मागची सीट पाहिली. व्हर्नाला वाटलं, आता खूश होईल. त्याचा चेहरा उतरला.

"मुलं चार म्हणालात?"

"चार."

"धाकटा केवढा?"

"चार वर्षांचा."

"बरं. मी फोन करतो."

व्हर्ना गाडीत बसली, पण किल्ली फिरवेना. पाच मिनिटांनी ती उतरली आणि त्याचं दार वाजवू लागली.

"फोन करतो म्हणालो ना?"

"तुम्हा लोकांचा फोन मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. तो कधी वाजत नाही. माझं काय चुकलं ते सांगा."

ग्रोमॅकी दारातच उभा राहिला. "चार वर्षांचं पोर आहे आणि गाडीत त्याची खुर्ची नाही? बिस्किटाचा कण नाही? माझ्या तिघांनी माझ्या गाडीचा उकिरडा केला होता. खरं सांगा, मुलं आहेत तरी का? मागचा भाडेकरू असाच गोड बोलला. बायको आणि तीन मुलं म्हणाला. एकदा धुराची घंटा वाजली तर जिन्यावरून अकरा माणसं उतरली! माणशी एक गादी भाड्याने लावली होती त्याने."

व्हर्नाला राग यावा की हसू, कळेना. "अहो, खुर्ची बहिणीच्या न्हाणीत भिजतेय! तुम्ही डोकावणार म्हणून गाडी घासली मी!"

"असं कुणीही म्हणेल."

"आणि तुम्ही? मागच्या खोलीच्या छताला काय झालंय?"

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. "मागच्या मार्चमध्ये छपराच्या कडेला बर्फ गोठून बसला आणि पाणी आत आलं. ऑक्टोबरात छप्पर दुरुस्त करून घेतलंय मी. पण डाग बघून पाच कुटुंबं पळाली. मग रंग मारला. भाडंही उतरवलं."

"डाग दाखवून दुरुस्तीची पावती पुढे केली असतीत, तर मी दुसरा शब्द काढला नसता. रंग दिसला म्हणून वाटलं, अजून गळतंय."

"आणि तुमच्या सीटवर चार वेफर्स दिसले असते, तर मी तिथेच किल्ल्या दिल्या असत्या."

ग्रोमॅकीने दार पूर्ण उघडलं.

"मुलं दाखवा," तो म्हणाला.

"माळा दाखवा," ती म्हणाली.

तिने डोरीनला फोन लावला. डोरीन दोन गल्ल्या पलीकडेच राहायची आणि पोरं आज तिच्याकडेच होती. ती येईपर्यंत व्हर्ना शिडीने माळ्यावर चढली. तुळयांमध्ये नव्या लाकडाचा पिवळा पट्टा दिसला. तिने त्यावर तळहात दाबला, मग कागदी रुमाल दाबला. रुमाल कोरडा निघाला. तरी तिने तो हुंगला.

खालून डोरीनचा आवाज आला. "हा काय कैदी मोजतोय का? व्हर्ना, ऊठसूट कुठे आणतेस गं आम्हाला!"

ग्रोमॅकी खरंच बोट दाखवून मोजत होता. जोलीन, मधली जुळी, मायलो. मग त्याने डोरीनच्या मागे डोकावलं.

"आणि तुम्ही?"

"घाबरू नका, मी नाही राहायला येत. माझं घर तुमच्या घरापेक्षा गरम आहे."

मायलोच्या हातात पेपरोनी बॉल, म्हणजे मसालेदार सॉसेज भरलेला पाव होता. त्याने पाव चावला तसा नारिंगी तेलाचा ओघळ लाकडी जमिनीवर पडला, आणि त्यावर त्याने बर्फाचा बूट ठेवला. ग्रोमॅकी गुडघे धरून खाली वाकला. डाग त्याने नीट निरखला.

"हा खरा आहे," तो म्हणाला आणि किल्ल्या आणायला गेला.

करार व्हर्नाने ओळीखाली बोट ठेवत दोनदा वाचला आणि छपराच्या दुरुस्तीची पावती मागून घेतली. तिने लिहिलेली पाच नावं ग्रोमॅकीने तीनदा वाचली.

गुरुवारी पलंग चढवले. शुक्रवारी सकाळी व्हर्नाने चादरी ताणल्या, जमीन पुसली, आणि गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज ऐकून खोलीभर नजर फिरवली. सगळं नको तितकं स्वच्छ होतं. धुतलेल्या कपड्यांतून तिने एक मोजा उचलला आणि जिन्यावर फेकला. मायलोचं पांघरूण चुरगळलं.

"आजी, वेड लागलं का तुला?" जोलीन म्हणाली.

"गप. रंगाचे खडू सांड थोडे."

काउंटीची बाई खडूवरूनच आत आली. तिने चार पलंग मोजले, दोन खोल्या पाहिल्या, मोज्याला वळसा घातला. मग मागच्या खोलीच्या कोपऱ्यात तिचं पाऊल थांबलं.

"ते पातेलं कशाला?"

पातेलं! काल छताच्या कोपऱ्याखाली ठेवलं होतं आणि व्हर्ना ते साफ विसरली होती. एक थाप ओठावर आली. ती तिने गिळली.

"मागच्या वर्षी इथे पाणी आलं होतं, मॅडम. छप्पर दुरुस्त झालंय, ही पावती. माळा मी चढून पाहिलाय. घर गळत नाही. पातेलं माझ्या स्वभावामुळे आहे."

बाईने पावती वाचली. छताकडे पाहिलं. मग खाली वाकून पातेल्याच्या तळाशी बोट फिरवलं, बोट उजेडात धरून निरखलं, आणि मग कुठे सही केली.