मंगळवारच्या डॉक्टरबाई

सेलोटेपचा तुकडा दाताने तोडून उज्वलाने सूचनेचा शेवटचा कोपरा काचेवर दाबून बसवला, आणि त्याच काचेतून तिला फाटकाशी थांबलेली जीप दिसली. जीपमध्ये आडवी फळी टाकून एका म्हातारीला निजवलं होतं. तिचा नवरा आधी उतरला आणि दाराशी येऊन नव्या कागदाकडे बघत राहिला.

"काय लिवलंय?"

डॉक्टर अनुपमांच्या या हाडांच्या खासगी दवाखान्यात उज्वला सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर बसायची. कार्ड तपासणं, मंजुरी मागवणं हे तिचं काम. तिने वाचून दाखवलं: योजनेतल्या शस्त्रक्रिया पुढील सूचना मिळेपर्यंत बंद.

"कार्ड हाय आमचं," तो म्हणाला. "वाडीतल्या चांगूचा मोडका पाय हितंच जोडलात ना? ह्याच कार्डावर."

"तेव्हा होत होतं, बाबा. आता वरून पैसेच येत नाहीत."

जीपमधून आवाज आला. दुखण्याने चिरलेला, पण ठणठणीत.

"सरकारकडं पैसं नायत, नि माझ्याकडं येळ नाय. भात झोडायचा राह्यलाय. डाक्तरणीला बोलव गो."

अनुपमा स्वतःच बाहेर आल्या. म्हातारीचं नाव रखमा, नवऱ्याचं महिपत. आंबेनळी घाटाखालच्या वाडीतली माणसं. डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून उतरताना रखमाचा पाय सटकला होता. वाडीतल्यांनी चादरीची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणली होती.

एक्स-रे बघायच्या आधीच अनुपमांना कळलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं. नवा गोळा बसवला तर बाई दुसऱ्या दिवशी पायावर उभी राहील. नाही बसवला तर खाटेवरून उठणारच नाही. पाठीला जखमा होतील, छाती भरेल, आणि घरचे म्हणतील, वय झालं होतं.

पण योजनेची बिलं सरकारकडे अडकून पडली होती. कृत्रिम गोळे पुरवणारा पुण्याचा व्यापारी आता उधारीवर काही द्यायला तयार नव्हता. शस्त्रक्रिया थांबवण्याचा कालचा निर्णय अनुपमांनी विचार करून घेतला होता, आणि तो चुकला असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं. दवाखानाच बंद पडला तर कुणाचंच हाड बसणार नव्हतं.

"अलिबागला न्यावं लागेल, नाहीतर मुंबईला," त्या म्हणाल्या.

"मुंबईत पोरगा हाय," महिपत म्हणाला. "पन त्याच्या खोलीत चार मान्सं निजतात. हिला ठेवू कुठं?"

रखमाने अनुपमांचं मनगट धरलं. "तूच कर गो बाय. लांब न्हेऊन काय, हाड तेच हाय."

अनुपमांनी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला आणि नदीपलीकडच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर नागसेनना लावला. नागसेन तिथले अधीक्षक.

"तुमचं थिएटर चालू आहे ना?"

"सिझेरियन होतात, मॅडम. भूल देणारे डॉक्टर आहेत. हाडांचे नाहीत. पद रिक्त आहे, भरती थांबवलीय."

"खुब्याचा गोळा?"

"जिल्ह्याच्या भांडारात असतील. मागवतो. पण तुम्ही कशाला...?" मग त्यांच्या लक्षात आलं. "बाहेरच्या डॉक्टरांच्या मानधनाला यंदा तरतूद नाही, मॅडम."

"मी विचारलं का?"

मंगळवारी सकाळी अनुपमा आपली हत्यारं गाडीत घालून गेल्या. तिथल्या परिचारिकांनी असलं ऑपरेशन पाहिलं नव्हतं, पण त्या शिकायला उत्सुक होत्या. गोळा खोबणीत बसला तेव्हा जो बारीक आवाज होतो, तो अनुपमांना इतक्या वर्षांनंतरही आवडायचा. बुधवारी त्यांनी रखमाला वॉकर धरून उभी केली.

"दुखतंय?"

"दुखतंय की. पन माझं मला दुखतंय, तू पुढं बघ."

महिपतने तोंड फिरवलं आणि कितीतरी वेळ तिच्या चपला जुळवत राहिला.

ती बातमी वाड्यावाड्यांत पोचली. पुढच्या मंगळवारी बिरवाडीचा एक कामगार मोडलेला हात घेऊन आला, नंतर पोलादपूरच्या शिक्षिका. वाडीतली माणसं अनुपमांना मंगळवारच्या डॉक्टरबाई म्हणू लागली. स्वतःच्या दवाखान्यातलं उरलेलं काम अनुपमा इतर दिवशी उरकत. थकत, पण मंगळवारी उठताना त्यांना हलकं वाटायचं.

होळीच्या सुमारास नागसेन पेढ्यांचा पुडा घेऊन थिएटरच्या दाराशी आले.

"वरच्या बैठकीत आपला विषय निघाला, मॅडम. एक पैसा खर्च न करता शस्त्रक्रिया! दुसऱ्या तालुक्यांतही राबवायचं म्हणतात. 'पॅटर्न' म्हणून पुस्तिका काढणार आहेत. तुमचा फोटो मागितलाय."

अनुपमा हात धूत होत्या. "आणि पद?"

नागसेननी पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली. माणूस सरळ होता. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

"यंदाच्या पदभरतीच्या मागणीतून वगळलं. काम तर होतंय म्हणाले. पगाराची रक्कम बचतीत दाखवलीय."

मग अनुपमांनी कोपराने नळ बंद केला, आत गेल्या आणि टेबलावरच्या बाईचं ऑपरेशन नेहमीसारखंच नीट केलं. बाहेर आल्यावर त्यांनी पुढच्या मंगळवारच्या तिन्ही रुग्णांचे एक्स-रे मागवले, एकेक उजेडात धरून सावकाश पाहिले. ऑपरेशन आणखी आठवडाभर लांबलं तरी कुणाचंच बिघडणार नव्हतं.

"यांना दाखल करून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि वर कळवा, तीन रुग्ण आहेत, सर्जन नाही. फोटो माझ्याऐवजी यांचा पाठवा."

"तुम्ही येणार नाही?"

"येईन की. मंगळवार माझा आहे. पण माझा मंगळवार म्हणजे पद नव्हे, डॉक्टर."

नागसेननी मान वर केली. मग पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून ते आपल्या खोलीकडे गेले, जरा झपझप.

मंगळवारी अनुपमा वेळेवर आल्या. गाडीतली हत्यारं त्यांनी काढली नाहीत. थिएटरकडे न वळता वऱ्हांड्यातल्या बाकावर, त्या तीन रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये जाऊन बसल्या. परिचारिका दारातून बघून गेल्या. नागसेन दोनदा फोनवर वरिष्ठांशी मोठ्याने बोलताना ऐकू आले. त्यांचा असा आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता.

पाय दाखवायला आलेली रखमा काठी टेकत वऱ्हांड्यात आली. अनुपमांना बाकावर पाहून थबकली.

"बाय, तू हितं भायेर कशी?"

"वाट बघतेय."

"कुनाची?"

"सरकारची."

रखमाने जरा विचार केला. मग काठी भिंतीला लावली, शेजारच्या माणसाला सरकायला लावलं आणि अनुपमांच्या बाजूला ऐसपैस बसली.

"मंग पाठ टेकून नीट बस," ती म्हणाली. "मी पन हाय."